बिनछाननीचा बर्फ

मिरजेच्या स्मृतिरोपण केंद्रात जानेवारीतही पंखे गरगरत होते आणि भिंतींवर हिमशिखरांची चित्रं लावलेली होती. ती पाहून गार वाटायचं सोडून जास्तच उकडत होतं.

शरयू खटावकर खुर्चीवर बसली आणि लगेच तिने भिंतीला डोकं टेकलं. वय अठ्ठावन्न, नोकरी सरकारी रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिची थोरली बहीण, यमुनाअक्का. अक्काने चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर शेकडो हिमनद्या काढल्या. बर्फ मात्र पाहिला तो फ्रीजमधलाच. दोघीही लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वी अक्काला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि त्या घरातून शरयूची झोपही गेली.

"अक्कांच्या फुप्फुसांना ती उंची सोसणार नाही," डॉ. ऋता कर्णिक म्हणाल्या. "म्हणून बर्फ पाहायचा तुम्ही आणि आठवण त्यांना."

"म्हणजे नमुना काढायचा आणि चढवायचा. रक्तासारखं," शरयू म्हणाली.

"रक्त पुन्हा तयार होतं, आठवण होत नाही. ती मेंदूपेशींच्या जुळणीत असते. वाचायची तर जुळणी उसवावी लागते. स्वेटर उसवायचा आणि त्याच लोकरीचा दुसरा विणायचा, तसं. ही नक्कल नव्हे, स्थलांतर आहे. पट्टी चाळीस मिनिटं चालते; त्यांतलं तुम्हाला काहीही उरणार नाही, आणि नंतर त्यावर जो विचार कराल तोही त्याच धाग्यांत गुंतलेला, म्हणून तोही उसवेल."

"आणि हिला?"

"सगळं. तेही 'शरयूने पाहिलं' असं नाही, 'मी पाहिलं' असं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, गारठा आणि त्या वेळी मनात जे आलं असेल तेही."

तंत्रज्ञ जमादार यांनी टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या. कानामागे लावायची ही पट्टी नव्याने तयार होणाऱ्या जुळणीवर खुणा करते; खुणा झाल्या असतील तेवढेच धागे नंतर उसवता येतात. छाननीची पट्टी मनातले विचार वगळून फक्त इंद्रियांनी टिपलेल्यावर खुणा करते, पण ती साध्या पट्टीच्या तिप्पट महाग होती.

"छाननीचीच घ्या, ताई," जमादार म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

अक्का अर्ध्या ओठांनी हसली. "आमच्यात झाकण्यासारखं आहे काय हो? एका ताटात जेवलेल्या बहिणी आम्ही. त्या पैशांत ही चार दिवस जास्त राहील तिथे. साधी द्या."

शरयूलाही ते पटलं. तिला खरोखरच वाटत होतं की आपल्या मनात लपवण्यासारखं काही नाही.

पुढचे तीन आठवडे अक्काने सहल आखली. हिमाचलातल्या सिरोलधार पठारावर आताशा जेमतेम पंधरा दिवस बर्फ टिकायचा आणि त्या हिमपंधरवड्यात सगळा देश तिथे लोटायचा. अक्का सांगायची आणि शरयू वहीत उतरवायची. शनिवार-रविवारी दर दुप्पट, तेव्हा मंगळवारी वर जायचं. विमान नको, चंदीगडपर्यंत रेल्वे आणि पुढे सरकारी बस. हॉटेल नको, धर्मशाळा. बूट नि कोट खालच्या गावात भाड्याने घ्यायचे, वर गेलं की नाडतात. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं सांगणारी अक्का स्वतः मात्र अंथरुणातून साऱ्या हिमालयभर पाय पसरत होती. तिचा उत्साह पाहून शरयूला बरं वाटायचं. पण कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं, औषध भरवणं या सगळ्यातून सवड काढून ती लिहायला बसायची, आणि दोनदा लिहिता लिहिताच तिला झोप लागली.

आठ दिवसांसाठी एक परिचारिका ठरवून शरयू निघाली. रेल्वेत ती झोपली, बसमध्ये झोपली, धर्मशाळेतल्या पहिल्या रात्री सलग दहा तास झोपली. तिला कोणी हाक मारली नाही.

मंगळवारी सकाळी पठारावर पोचल्यावर तिने पट्टी लावून चालू केली आणि गर्दी सोडून देवदारांच्या बाजूला गेली. बर्फ गुडघ्याएवढा होता. पाऊल टाकलं की कुरकुरायचा आणि मग सगळं शांत. फांदीवरून थोडा बर्फ घसरून तिच्या मानेवर पडला तशी ती चक्क खिदळली. किती वर्षांनी, कोण जाणे.

आणि तेव्हाच तिच्या मनात आलं, अक्का गेली की मी इथेच येऊन राहीन.

इतका सरळ विचार आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. मग त्यामागून बाकीचे आले. हव्या त्या कुशीवर झोपेन. कोणासाठीही उठणार नाही. किती दिवस राहिले असतील तिचे? दोन वर्षं? एकच असावं. आणि तिला आनंद झाला, अकरा वर्षांत झाला नव्हता एवढा.

मग कानामागची पट्टी जाणवली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण वैऱ्याच्या कानामागे निदान पट्टी तरी नसते. चाळिसांतली नऊ मिनिटं उरली होती. शरयूने घाईघाईने अक्काचे उपकार आठवायला सुरुवात केली. आपल्या शिक्षणासाठी अक्काने विकलेल्या बांगड्या, तापात उशाशी काढलेल्या रात्री. पण या घाईवरही खुणा होत आहेत, हे तिला कळत होतं. शेवटी ती बर्फातच बसून उरलेली मिनिटं मोजू लागली.

परतल्यावर ती थेट डॉ. कर्णिकांकडे गेली. "थोडंसं वगळता येईल का?"

"नाही. ही बिनछाननीची पट्टी आहे. द्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. आणि आजच ठरवा, उद्या खुणा पुसल्या जातील. काय आहे त्यात?"

"बर्फ आहे," शरयू म्हणाली.

काचेपलीकडे अक्का थांबली होती. एवढ्या उकाड्यात तिने स्वेटर आणि कानटोपी घातली होती आणि गारठा बाधेल म्हणून परिचारिकेकडून शालही गुंडाळून घेतली होती. शरयूला रडू आवरेना. नाही म्हटलं तर अक्काला बर्फ कधीच मिळणार नव्हता, आणि तो विचार जन्मभर आपल्या उरावर. हो म्हटलं तर अक्काला बर्फाबरोबर तो विचारही मिळणार, आणि आपण मात्र त्यातून सुटणार. दोन तासांनी आपल्याला यातलं काहीच आठवणार नाही, या कल्पनेने तिला झोपेसारखं सुख वाटलं आणि त्या सुखाची लाजही वाटली. पण ती फार दमली होती. तिने सही केली.

शरयू जागी झाली तेव्हा तिला भाड्याचे बूट चढवलेले आठवत होते आणि त्यानंतर एकदम परतीची बस. केंद्रात येऊन कसली तरी सही केल्याचंही आठवत होतं. ती खुशीत अक्काजवळ गेली. "कसा होता गं बर्फ?"

अक्काने आधी आपल्या पायांकडे पाहिलं. "माझे दोन्ही पाय चालत होते," ती म्हणाली. "जा, चहा घेऊन ये दोघींना."

शरयू गेल्यावर अक्का डॉक्टरांना म्हणाली, "मला तिचा राग यायला हवा होता ना?"

"कशाचा?"

"तिथे उभी राहून तिने माझ्या मरणाची वाट पाहिली. पण मला आठवतंय ते मीच पाहिल्याचं. रागवू कोणावर? मी दमले होते हो, डॉक्टर. माणूस इतकं दमू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत झोपत होते अकरा वर्षं, तरी ठाऊक नव्हतं."

डॉ. कर्णिकांनी विचारलं, "त्यांना सांगाल?"

"विश्वास नाही ठेवणार ती. मोकळं व्हावंसं तिला आयुष्यात एकदाच वाटलं, आणि तेही आता माझ्याकडे आलंय."

शरयू चहा घेऊन आली. अक्का म्हणाली, "सांगलीला शुश्रूषागृह आहे, तिथे माझं नाव घाल. माझ्या पेन्शनीत भागतं, परिचारिका सांगत होती."

शरयूने चहा तसाच खाली ठेवला. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"तू दमलीस."

"मी? कधी म्हटलं मी तसं?" शरयूने मनात शोधून पाहिलं. पाठ दुखत होती, डोळे मिटत होते, पण तक्रार सापडली नाही. "मला कुठेही जायचं नाही, अक्का. आपलं घर आहे, मी आहे. शेवटपर्यंत करीन तुझं."

ती हे अगदी खरं बोलत होती. अक्काला कळलं की समजावून काही होणार नाही. ही आता कधीच सोडणार नाही.

"अकरा वर्षं केलं मी," शरयू म्हणाली. "खरं सांग. मला कंटाळलीस का?"

"हो," अक्का म्हणाली.

शरयू खाली फरशीवर बसली आणि हुंदके देऊ लागली. अक्काने तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि जमादारांना सांगितलं, "शुश्रूषागृहाला फोन लावा. आत्ताच लावा, हिचं रडं थांबायच्या आत."