शांतकळ

खैरवाडीत देवळासमोर सकाळी गाऱ्हाणं सुरू झालं, की घराघरातल्या बायका ओळखायच्या, भातात डुकरं शिरली आहेत आणि पुरुष बंदुका घेऊन निघालेत. पूर्वी गाऱ्हाणं देवासाठी घालत. आता ते बंदुकीसाठीही घालावं लागे.

कारण बंदुकांना शांतकळ बसली होती. दस्त्यावरची बोटभर रुंद काळी पट्टी धरणाऱ्याच्या तळव्यातली नाडी आणि घाम वाचायची. मन निवळलेलं असलं तर हिरवा ठिपका लागे आणि आतलं कुलूप खट्कन उघडे. हातात राग असला तर ठिपका लाल. मग चाप कितीही ओढा, हलायचा नाही.

जगभर बंदुकांवरून वाद पेटले होते. कुठे सरकारने घराघरातल्या बंदुका गोळा करून वितळवल्या, कुठे त्या उशाशी ठेवणं हा नागरिकाचा हक्क ठरला. आपल्याकडे मधली वाट निघाली. शेतसंरक्षणाची बंदूक ठेवा, पण शांतकळीसकट. कायद्याचा कळीवर इतका विश्वास, की तिने नकार दिला तर गोळी सुटलीच नाही, आणि गोळी सुटली नाही तर गुन्हाही झाला नाही.

भामाकाकी, म्हणजे पोलीसपाटील सत्यभामा राणे, हिला हे कधी पटलं नाही. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा निवडणूक लागली की गावच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होत. पोरांना शाळेत घालायला निघावं तसे गावचे पुरुष गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका काखेत धरून रांगेने चालत. महिनाभर रानडुकरांची चैन व्हायची. पण त्या दिवसांत बांधावरचं भांडण कुणी फार ताणत नसे. बंदुकीला अक्कल नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जो तो आपली वापरायचा.

कळ आली त्या वर्षी शिकाऱ्यांची फजितीच झाली. डुक्कर समोर आलं की छाती धडधडायची आणि कळ उघडायची नाही. मग देवळाच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने युक्ती काढली. निघण्याआधी गाऱ्हाणं घालायचं. एकाने सावकाश, एका लयीत देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. श्वास खाली बसे, ठिपका हिरवा होई. तालुक्याचे अधिकारी पाहून गेले, हसले आणि चालू द्या म्हणाले.

भामाकाकीच्या मुलाला, उल्हासला, मात्र कुठलंच गाऱ्हाणं लागू पडलं नाही. तो पहिल्यापासून तापट. परवान्याच्या चाचणीत दर वेळी ठिपका लालच राहिला आणि परवाना नाकारला गेला. डुकरांनी त्याचं भात लोळवलं, तेव्हा आईला न सांगता त्याने बांधावर विजेची उघडी तार ओढली. दुसऱ्या दिवशी कॉलेजची एसटी चुकू नये म्हणून गुणाजी परबाची रसिका त्याच बांधावरून धावत निघाली. ती एसटीपर्यंत पोचली नाही.

आज उल्हास जामिनावर सुटून आला होता. त्याला थांब्यावरून घेऊन भामाकाकी देवळासमोर आली, तेव्हा डुकरांच्या मागे निघालेली मंडळी तिथे जमली होती. गुणाजी पायरीवर बसला होता. बंदूक मांडीवर. उल्हासला बघून तो उठला.

"काकी, बाजूक हो."

"गुणाजी, बंदूक खाली ठेव."

त्याने ती खांद्याला लावली. नळी उल्हासच्या छातीवर होती आणि ठिपका लालभडक.

तरी एकही माणूस पुढे झाला नाही. कळ आहे ना! कुणीतरी मागून म्हणालंही, "गुणाजी, कित्याक हात दुखवून घेतंस? ती उघडाची नाय. तुझो राग तिका कळता."

भामाकाकीलाही क्षणभर तसंच वाटलं. तेवढ्यात गुणाजीने डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात कुणाचा कट नव्हता. जन्माची सवय होती.

"आज ह्या लेकरान तुझ्या दारात हाक मारली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"गप ऱ्हवा! मेल्यांनो, गप ऱ्हवा!" भामाकाकी ओरडली. माणसांनी चमकून तोंडं मिटली. पण गुणाजीचे ओठ हलतच होते. त्याचे खांदे उतरले, श्वास लांब झाला. लाल ठिपका मिणमिणला, विझला, आणि हिरवा लागला.

खट्.

ती पोरापुढे जाऊन उभी राहिली. उल्हास तिच्याहून हातभर उंच होता; नळी थोडी वर उचलली की झालं. गुणाजीने ती उचलली. "काकी, बाजूक हो. माझो आता कोणावर राग नाय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याचा चेहरा नुकताच झोपेतून उठलेल्या मुलासारखा कोरा होता. एवढा शांत माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

आता तो चिडायला हवा होता. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"तुझां चेडू, तां रसिका, चोरटां होतां!" ती किंचाळली. "एसटीक खंयचा जाता! आमच्या शेतात चिबडां चोरूक गेल्लां. बापाशीन शिकवलां तसां केल्यान, आणि तसां मेलां!"

"आई!" मागून उल्हासचा आवाज फुटला.

गुणाजीच्या गळ्यातून गुरासारखा आवाज निघाला. त्याने चाप ओढला. ठिपका लाल होता. पुन्हा ओढला, पुन्हा ओढला. मग चार जणांनी त्याला खाली पाडलं, आणि तो मातीत तोंड खुपसून रसिकाचं नाव घेऊन रडायला लागला.

तालुक्याहून जीप आली. तरुण फौजदाराने कळीतली नोंद आपल्या फोनवर उतरवून घेतली आणि समाधानाने मान हलवली. "कळीने काम केलं. गोळी नाही, गुन्हा नाही."

"साहेब, मधे हिरवा लागला होता," भामाकाकी म्हणाली.

"आहे ना त्याची नोंद. पण तेव्हा ते शांत होते. शांत माणसाविरुद्ध तक्रार कसली लिहून घेऊ, काकी?"

पुढच्याच आठवड्यात भात पिकलं म्हणून गुणाजीची बंदूक त्याला परत मिळाली.

तो भामाकाकीच्या दारात आला तेव्हा दुपार टळत होती. उल्हास आत पेज जेवत होता. त्याच्या भांड्याचा आवाज बाहेर येत होता. गुणाजी शेतावर निघालेला दिसत होता. बंदूक छातीशी आडवी धरलेली, तळवा दस्त्यावर. पडवीच्या पायरीशी तो थांबला. डोळे खोल गेले होते.

"काकी, रसिका हय तुझ्या पडवीत बसान अभ्यास करायचां. तुझ्या हातचा जेवायचां. तेका तू चोर म्हणालंस." त्याचा आवाज चिरकला. "खरांच तुका तसां वाटता? एकदा काय तां सांग. माझ्या डोळ्याक डोळो लागना नाय. तू नाय म्हणालंस, तर माझो जीव शांत होयत."

तो 'नाय' भामाकाकीच्या जिभेवर आला होता. त्या पोरीची वेणी तिने कितीदा घातली होती. एवढा एक शब्द या बापाला देणं लागतच होती ती.

तिची नजर त्याच्या तळव्याकडे गेली. बोटांच्या फटीतून लाल ठिपका जळत होता.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि उल्हासची पावलं बाहेर यायला लागली.

"बोल ना, काकी," गुणाजी म्हणाला.

खरं सांगितलं, आणि तो शांत झाला, तर?