उलटं इंजिन

रोलाँ थिबो आणि मी पेपर मिलमध्ये एकाच पाळीला फिटर होतो. मिल बंद झाली तेव्हा त्याच्याकडे मोठं गॅरेज होतं आणि माझ्याकडे लेथ मशीन. कॅनडातल्या आमच्या थंडर बेमध्ये हिवाळा सहा महिन्यांचा. हाताला काम नसलेला माणूस एक तर पितो, नाही तर बायकोशी भांडतो. माझी बायको वारलेली. रोलाँची होती, पण तिच्याशी भांडता येत नव्हतं. म्हणून आम्ही जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली घेऊन त्यांच्या कॅफे रेसर बनवायला लागलो.

काम ठरलेलं. सत्तरच्या दशकातली गंजलेली जपानी गाडी आणायची, नको ते सगळं कापून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, पाय ठेवायच्या दांड्या मागे न्यायच्या, मागे कुबड असलेली एकट्यापुरती सीट बसवायची. सायलेन्सर मी स्वतः करायचो. पत्र्याचे शंकू कापून, जोडून, मधे फुगीर आणि टोकाला निमुळते. चांगला जमला की इंजिन वरच्या गतीला असं किंचाळतं की शेजारची बाई खिडकी लावून घेते.

रोलाँची बायको ओडेट कोपऱ्यात हीटरजवळ बसलेली असायची. वय सत्तर. पाच वर्षांपूर्वी तिला विसरण्याचा आजार जडला आणि गेल्या दोन वर्षांत तिच्या तोंडून पूर्ण वाक्य निघालं नव्हतं. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून रोलाँ तिला कोट घालून सोबत आणायचा. दहा वाजता मी बेकरीतून गुलाबी साखरेचे बन आणायचो. तो बारीक तुकडे करून तिला भरवायचा आणि हात पुसून पुन्हा पाना उचलायचा.

एप्रिलमध्ये मुरिलोच्या एका शेतावरच्या लिलावात आम्हाला चौऱ्याहत्तर सालची साडेतीनशे सीसीची गाडी मिळाली. दोन सिलिंडर, गोठ्यात पडून राहिलेली, पण आतून आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ. पाच आठवड्यांत ती उभी राहिली. मेच्या एका सकाळी रोलाँने किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. त्याने गियर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे जाऊन माझ्या टेबलावर आदळली.

"लेका, गाडी पुढे न्यायची असते," मी म्हणालो.

यात विशेष काही नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला दिशा कळत नाही. ठिणगी जरा आधी पडली तर ते उलटं फिरायला लागतं आणि तसंच मजेत चालत राहतं. मी पुढे झालो, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"रोलाँ, केस किती वाढलेत तुझे. रविवारी आईकडे जायचंय ना?"

तिची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. रोलाँ गाडीवरच बसून राहिला. मग उतरला आणि तिच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसला. "कापतो," म्हणाला. "आजच कापतो."

मी त्याला समजावलं की वासाने जुन्या गोष्टी जाग्या होतात. दोघांचं लग्न जमलं त्या उन्हाळ्यात रोलाँ भावाची टू-स्ट्रोक मागून तिला फिरवायचा. जळक्या तेलाचा तोच वास असणार. हे मला तेव्हा पटलं होतं.

मी ठिणगीचं टायमिंग तपासलं. अगदी बरोबर होतं. पॉइंट नवे टाकले, पुन्हा मोजलं. तरी इंजिन उलटंच फिरलं. ओडेटने त्या दिवशी माझ्या बायकोची चौकशी केली, नाव घेऊन.

मग रोज अकराला रोलाँ गाडी स्टँडवर चढवून सुरू करायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. ओडेट दिवसेंदिवस सुधारत गेली. स्वतःच्या हाताने खायला लागली. एकदा तिने वाटाण्याचं सूप करून आणलं आणि मी मीठ कमी आहे म्हणालो तर मला म्हणाली, "आर्मास, फिनलंडवाल्यांच्या जिभेला खारवलेल्या माशाशिवाय काही लागतं का?" रोलाँ इतका हसला की त्याला खोकला आला. ते दोन आठवडे मी त्याला जेवढं सुखी पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

धुराकडे माझं लक्ष उशिरा गेलं. दार उघडं असलं तरी टू-स्ट्रोक सुरू केली की गॅरेज निळं होतं आणि कपड्यांना दोन दिवस वास राहतो. माझ्या कपड्यांना वासच येत नव्हता. मी खाली वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या तोंडाशी धुराचा एक धागा होता. तो बाहेर येत नव्हता. छताखालून, भिंतीवरून, आमच्या पायांमधून बारीक निळसर रेघा सरकत येत होत्या आणि नळीत शिरत होत्या. मी नळीच्या तोंडाशी हात धरला. हाताला गार लागलं.

रोलाँला दाखवलं. त्याने पाहिलं आणि ओडेटच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "लूक अजून शाळेतून आला नाही?"

लूक त्यांचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी बर्फावरून ट्रक घसरला, त्यात वारला. रोलाँ म्हणाला, "येईल." पुढचे तीन दिवस ती दाराकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने लूकचं नाव काढलं नाही. मी सहज विषय काढला तर म्हणाली, "कोण लूक?"

मी रोलाँला बाहेर नेलं. तळ्यावरचा बर्फ कधीच वितळला होता, तरी वारा बोचत होता.

"ती बरी होत नाहीये," मी म्हणालो. "ती मागे चाललीय. आता पुरे कर."

"माहितेय मला."

"मग?"

"आम्ही लाँगलॅक गावात नाचाला भेटलो तो उन्हाळा. तेवढं येऊ दे. तिथे थांबवतो."

मी तेव्हाच गाडीचे स्पार्क प्लग काढून खिशात घालायला हवे होते. खरं सांगायचं तर मलाही पाहायचं होतं.

आठ जूनला, गुरुवारी, तो उन्हाळा आला. इंजिन सुरू होऊन सहा-सात मिनिटं झाली होती. ओडेट खुर्चीतून उठली, केस कानामागे घेतले आणि रोलाँकडे बघून हसली. पंचाहत्तरीच्या त्या टकल्या, सुजलेल्या बोटांच्या माणसात तिला कोण दिसलं ठाऊक नाही.

"तू तोच ना, भावाची गाडी मागून आणणारा?"

"हो," रोलाँ म्हणाला. "तोच मी." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आर्मास, बंद कर."

मी किल्ली फिरवली.

इंजिन चालूच राहिलं.

मी पेट्रोलची नळी खेचली. प्लगच्या दोन्ही वायरी उपटल्या. टाकी उचलून बाहेर नेऊन ठेवली. तापलेलं इंजिन ठिणगीशिवाय थोडा वेळ चालतं, हे मला माहीत होतं. पण याला हात लावला तर ते बर्फासारखं गार होतं.

ओडेटचं हसू ओसरलं. ती मागे सरकली.

"काका, तुम्ही कोण?" तिने फ्रेंचमध्ये विचारलं. हर्स्ट गावात वाढताना, लहानपणी तिला इंग्रजी येत नव्हतं. तेवढी फ्रेंच मला मिलमध्ये राहून कळते. "बाबा कुठे आहेत?"

"ओडेट, मी रोलाँ."

ती भिंतीला टेकली. रोलाँ पुढे झाला तशी ओरडली. तो जागीच थांबला, हात वर करून, जसं घाबरलेल्या जनावरासमोर थांबतात.

मी सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. त्या आत ओढल्या गेल्या.

ओडेट खाली बसली. अंगठा तोंडात घातला.

मग इंजिन आपोआप थांबलं.

पुढे आठ दिवस मी त्या गाडीवर झगडलो. आता ती सरळ चालत होती. नीट, सुरेख, पुढच्या दिशेने. निळा धूर बाहेर पडत होता. आत गेलेलं बाहेर येईल या आशेने रोलाँने ओडेटला मांडीवर घेऊन तासन् तास त्या धुरात बसून काढले. दोघं खोकायचे. ती रडायची, झोपायची, परत रडायची. एकही शब्द परत आला नाही. शेवटी त्यानेच लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला आणि गाडीचे हाताएवढे तुकडे केले. मी त्याला अडवलं नाही आणि मदतही केली नाही.

ओडेट आता अल्गोमा स्ट्रीटच्या पलीकडच्या शुश्रूषागृहात आहे. रोलाँ सकाळी जातो आणि संध्याकाळी परततो. पलंगाला उंच कठडे लावलेत. डॉक्टर म्हणतात, आजार शेवटच्या टप्प्यात असाच असतो. तसं असेलही. मला वाद घालायचा नाही.

काल मी त्याच्यासोबत गेलो. मारित म्हणून एक नर्स आहे, तिला पंधरा वर्षांचा अनुभव. ती ओडेटचं तोंड पुसत होती. तिने आम्हाला पलंगाजवळ बोलावलं.

"हिची कवळी आम्ही आल्या दिवशीच काढून ठेवली, तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता," ती हळू आवाजात म्हणाली. "चार दिवस झाले, सारखी लाळ गळतेय. रात्रभर मूठ चावते. मला वाटलं, हिरडीला जखम असेल."

तिने रोलाँचं बोट हातात घेतलं आणि ओडेटच्या खालच्या हिरडीवर, बरोबर मधोमध, टेकवलं.

रोलाँने बराच वेळ बोट तिथेच ठेवलं. मग बाजूला होऊन त्याने मला खूण केली.

तांदळाच्या कणीएवढं काहीतरी माझ्या बोटाला लागलं. धारदार, नवं.