तिसरं पेर

विश्वास ठेवा किंवा हसा. मी पुतळे करणारा माणूस आहे, गोष्टी रचणारा नाही.

मागच्या मार्चमधलं हे. रात्रीचं नाही, भरदुपारचं. सौंसरहून मोहगावला जाणाऱ्या रस्त्यावर माझी टिनाची शेड आहे, तिथंच घडलं.

पांढुर्ण्याच्या गजेंद्रच्या वडिलांचा अर्धपुतळा ऑइल क्लेमध्ये तयार होता. ही तेलाची माती सुकत नाही. साचा निघाला की खरवडायची, डब्यात भरायची, पुढच्या पुतळ्याला तीच वापरायची. माझी माती बारा वर्षांची. ती मळायची चंद्रकला, माझी बायको.

तिला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

साच्याआधी पुतळा गुळगुळीत करावा लागतो. टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवून हलक्या हातानं फिरवायचा. एक ओरखडा राहिला तरी साच्यात उतरतो. या कामात मी भारी किरकिरा. चंद्रकला बाजूनं बल्ब धरायची अन् म्हणायची, "अवो, गालावर पाहा, अजून खड्डा दिसून राहिला."

आता बल्ब खिळ्याला टांगतो.

त्या दुपारी गाल साफ केला, कुलूप लावलं, घरी जेवून आलो...

गालावर अंगठा.

कुलूप जसंच्या तसं होतं. आणि बाहेरून दाबलं तर खळगा पडतो. हा उंचवटा होता.

कोणीतरी आतून दाबल्यासारखा.

ब्रश फिरवून सपाट केला. दुसऱ्या दुपारी अंगठा परत, आणि सोबत... करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मी पुसायचो, जेवून येईपर्यंत सगळी परत वर आलेली असायची.

पाचव्या दिवशी तर्जनी आली.

दोनच पेरं.

चंद्रकलाच्या तर्जनीचं वरचं पेर लग्नाआधीच कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये गेलं होतं. खरं सांगतो, भीती वाटलीच नाही. आनंदानं रडलो.

मग ब्रशला हात लावला नाही. तीन दिवस जेवणाचा डबा तिथंच खाल्ला, तिच्याशी बोलत. आपली लेक प्रियंका नागपूरला राहायला बोलावते, ते सांगितलं. रात्री चुकून दोन ताटं काढतो, मग एक परत ठेवतो, तेही सांगितलं.

चौथ्या दिवशी गजेंद्रचा फोन. "मोतीरामभाऊ, कितीक दिवस घासून राहिले जी? रविवारी कार्यक्रम आहे ना!"

साचा काढणं भागच होतं. शेवटचं पाहून घ्यावं म्हणून बल्ब गालाजवळ धरला...

तर्जनीला तिसरं पेर होतं.

अख्खं बोट.

हा हात चंद्रकलाचा नव्हता. मग तीन दिवस घरातलं सगळं मी कोणाला सांगितलं?

भराभर ब्रश फिरवला, लगेच प्लास्टर चढवलं. पुतळ्याचा गाल अगदी साफ उतरला, गजेंद्र खूश होऊन गेला. माती खरवडून डब्यात भरली, झाकणावर दगडी पाटा ठेवला. तेव्हापासून नवं काम घेतलं नाही.

प्रियंका फोनवर म्हणाली, "बाबा, फेकून द्या ते माती, अन् इकडं या."

फेकणारच होतो. पण घरात बोलायला कोणी नाही हो...

ती चंद्रकला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी काल दुपारी मी पाटा बाजूला केला, झाकण उघडलं आणि जेवणाचा डबा घेऊन मातीशेजारी जेवायला बसलो. खूप वेळ बोललो.

बल्ब मात्र लावला नाही.