धक्क्यावरचं ‘येस’

तापीकाठच्या त्या जागेला सगळे धक्का म्हणतात. पूल नव्हता तेव्हा धरणगावकडून कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून इथे यायच्या आणि नावांतून पलीकडे जायच्या. मग पूल झाला, नावा बंद पडल्या आणि काठावरची दगडी गोदामं काटेरी बाभळींच्या ताब्यात गेली. आता इतक्या वर्षांनी त्यांचं नशीब उघडलं होतं. खाली गाळे, वर राहायची घरं, पुढे नदीकाठाने फिरायला फरशीचा रस्ता, असा आराखडा मंजूर झाला होता. तो उभा करायला जळगावच्या ऑफिसातून मेघा आली होती. मूळची जामनेरची, शिक्षणाने आर्किटेक्ट, आणि डोक्यावरच्या पिवळ्या हेल्मेटात मावणार नाही एवढा तिचा उत्साह.

तर ही मेघा पहिल्याच दिवशी गोदामाची कमान मोबाईलमध्ये पूर्ण यावी म्हणून उलटी चालत गेली. एक पाऊल मागे, आणखी एक... आणि कोणावर तरी आदळली. हेल्मेट उडालं आणि पायऱ्यांवरून घरंगळत थेट तापीत गेलं.

“सॉरी, सॉरी... माझं लक्ष नव्हतं.”

“असू द्या मॅडम.” त्याच्या हातातली ग्रीसची डबी त्याच्याच शर्टावर उपडी झाली होती. “धक्क्यावर आलात, धक्का तर बसणारच.”

तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि हेल्मेट काठोकाठ भरून घेऊन आला. “एवढी तापी तेवढी परत करा,” म्हणाला. मेघाला हसू आवरेना.

त्याचं नाव कुंदन. आजोबांनी इथेच नाव चालवली होती. हा गोदामाच्या आडोशाला पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. साइटवरची मोटार दर चार दिवसांनी बंद पडायची. ती खरंच इतकी वाईट होती, की कोणी तिला मुद्दाम बिघडवत होतं, हे आपण विचारायला नको.

“कुंदनभाऊ, जरा बघता का?”

“मोटार बघतो. पण ते ‘भाऊ’ काढून टाका.”

“का? इथे तर सगळे सगळ्यांना भाऊच म्हणतात.”

“सगळे म्हणू देत. तुम्ही... नका म्हणू.” तो मोटारीकडे बघून बोलत होता, पण कान लाल झाले होते.

हिवाळ्यात कुंदनच्या आईने, पुष्पाबाईंनी, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवली. पहिल्याच घासाला मेघाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने प्यायला पाणी मागितलं.

“जामनेरच्या माणसाने भरिताला पाणी मागायचं?” कुंदन म्हणाला.

“आमच्याकडचं भरीत तिखट असतं. हे पेटतं आहे,” ती नाक पुसत म्हणाली आणि अजून भाकरी घेतली.

नदीकाठच्या रस्त्याच्या मध्येच एक जुना कडुनिंब येत होता. नकाशात त्यावर फुली होती. कुंदनने नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, “मग आखाजीला पोरी झोका कुठे बांधतील?” आखाजी म्हणजे इथली अक्षय्य तृतीया; माहेरवाशिणींचे झोके दरवर्षी त्याच झाडाला लागायचे. दुसऱ्या दिवशी नकाशातला रस्ता कडुनिंबाला वळसा घालून गेलेला होता. ऑफिसात तिने हजार कारणं सांगितली. खरं कारण एकच होतं, आणि ते तिलाही आता कळून चुकलं होतं.

अडचण होती सुरतेची. कुंदनच्या मामांचं तिथे वर्कशॉप होतं आणि ते त्याला कायमचं बोलवत होते. इथे जुन्या नावाड्यांच्या कुटुंबांसाठी काही गाळे राखले होते, त्यातला चार नंबरचा कुंदनच्या वाट्याला आला होता. आखाजीपर्यंत कुंदनने ताबा घेतला नाही तर तो बाहेरच्या कोणाला तरी जाणार होता. गाळ्याचं तर होतंच... पण हा माणूस गेला तर त्या नव्या, देखण्या धक्क्यावर आपला जीव रमणार नाही, हे मेघाला स्वच्छ दिसत होतं.

फाल्गुनातल्या एका दुपारी तो शेडमधून तिच्याकडे आला. मागे काँक्रीटचा मिक्सर घडघडत होता. त्या गोंगाटानेच मेघाला धीर आला असावा.

“सुरतेला नाही म्हणा ना,” ती एका दमात बोलली. “तुम्ही इथे राहिलात तर मला... फार बरं वाटेल. राहाल?”

त्याने तिच्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं. मग अगदी स्पष्ट म्हणाला, “येस.”

आणि वळून निघून गेला. मेघा उरलेला दिवस हवेत होती. साइटवरच्या भटू मिस्त्रींनी पायरीची उंची विचारली, तर ती म्हणाली, “येस.”

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप होतं.

“कुंदन?” भटू मिस्त्री म्हणाले. “तो काल दुपारीच गेला की सुरतेला.”

मेघाने कुलूप एकदा ओढून बघितलं. तोंडावर हो म्हणायचं आणि त्याच पावली निघून जायचं... इतका खोटा निघावा हा माणूस? आठवड्याने त्याचा मेसेज आला, ‘काम कसं आहे?’ तिने लिहिलं, ‘चालू आहे.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि पुन्हा ‘चालू आहे.’ ऑफिसातून चार नंबरबद्दल विचारणा झाली की मात्र ती म्हणायची, “थांबा अजून.” राग होता, पण गाळा काही तिच्याने सोडवेना.

शेवटी पुष्पाबाईंनीच तिला ओट्यावर बसवलं.

“काय व माय, तोंड काबर उतरनं तुन्हं?”

“अक्का, तुमचा मुलगा मला हो म्हणाला आणि निघून गेला. चांगलं ‘येस’ म्हणाला.”

पुष्पाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“अव माय, ते विंग्रजी नही! आम्ही जावाले निंघनूत का ‘जास’ म्हनत नही, ‘येस’ म्हनतस. ‘येतो’ म्हनतस ना तुमना जामनेरमा, तसं.”

मेघाच्या छातीवरचा दगड उतरला. खोटं बोलला नव्हता तो... निरोप घेत होता. पण लगेच दुसरा दगड चढला. खोटं बोलला नव्हता, तर हो तरी कुठे म्हणाला होता?

“येस म्हनीसन गया ना, मग आखाजीले येई तो,” पुष्पाबाई म्हणाल्या. “बठ्ठा येतस आखाजीले.”

आखाजीला खरंच सगळे आले. माहेरवाशिणी आल्या, सुरतेला गेलेले आले. कडुनिंबाला झोके लागले, घराघरांतून पुरणाचा आणि आमरसाचा वास सुटला. मेघा सकाळपासून चार नंबरच्या शटरसमोर उभी होती. ऊन चढलं तरी हलली नाही. मग वळणावर एक टेम्पो दिसला. मागे दोरखंडाने बांधलेलं लेथ मशीन, आणि त्याला धरून उभा कुंदन.

तिला रडू आलं. सुटल्यासारखं, लहान मुलासारखं रडू.

“मॅडम... काय झालं?”

“मिक्सर चालू होता तेव्हा मी काय विचारलं होतं?”

“मिक्सरच ऐकू आला. तुमचे ओठ हलताना दिसले तेवढे. भाचा मला स्टँडवर सोडायला मोटारसायकल सुरू करून उभा होता, बस निघत होती, म्हणून ‘येस’ म्हणालो आणि गेलो. मामा म्हणाले, सुरतेलाच राहा. राहिलोही असतो... तुमचं काम संपलं की तुम्ही जळगावला जाणार, मग मी धक्क्यावर कोणाची वाट बघू? आणि तुमचं ते ‘चालू आहे’ वाचून तर सगळंच संपलं वाटायचं. तरी निघालो. वाटलं, तोंडाने तरी विचारू.”

आता मिक्सर नव्हता. कडुनिंबाखालची पोरींची गाणी तेवढी ऐकू येत होती, आणि शांततेत तेच वाक्य बोलणं भलतंच अवघड होतं. तरी मेघा बोलली. प्रत्येक शब्द सुटा सुटा बोलली.

“तुम्ही इथे राहिलात... तर मला फार बरं वाटेल. राहाल?”

“हो,” कुंदन म्हणाला.

“येस नाही म्हणालात?”

“परत घोळ नको.”

दोघंही हसली. तिने चार नंबरची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तिची बोटं जरा रेंगाळली, आणि त्याने ती तशीच धरून ठेवली.

“आता माझा प्रश्न,” तो हळूच म्हणाला. “खाली गाळा, वर घर. गाळ्यात मी काम करीन. वरच्या घरात... तू राहशील? माझ्याबरोबर?”

‘मॅडम’ कधी गळून पडलं, ते त्यालाही कळलं नाही. मेघाने नदीकडे बघितलं, झोक्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“येस.”

“हे इंग्रजी, की आमचं?”

“हे इंग्रजी.” तिने पिशवी खांद्याला लावली आणि पिवळं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. “आता आईला सांगायला जामनेरला निघालेय.”

चार पावलं गेल्यावर ती वळली. या वेळी तिने तो शब्द अगदी इथल्या माणसांसारखा, किंचित ओढून म्हटला.

“येस हं, कुंदन.”