चिरचिरणारी पेटी

"सरक ना! मला पेटी दिसत नाहीये!"

"श्श! आता आवाज येईल!"

मालेगावात नव्हे बरं का, मुळशीतल्या माले गावात, एका शेडमध्ये पोत्यांमागे तिघं दबा धरून बसली होती. रत्नदीप, त्याची छोटी बहीण मोनिका आणि दिवाळीच्या सुट्टीला आलेली मावसबहीण उत्कर्षा. समोर खिडकीत जाईबाई आजीची मधमाश्यांची पेटी होती. रोज संध्याकाळी ती चिरचिरायची, आणि शेडमालक कैलासकाका म्हणायचे, पेटीत भूत शिरलंय!

"चिर्र! चिर्र!"

नेमके तेव्हाच दारात आलेले काका टुणकन उडाले. "आज जाळतोच हिला! डिझेल आणतो!" त्यांनी धाडकन दार लावलं आणि बाहेरून कडी घातली. आत कोण आहे ते बघायचं तरी!

"कैलासकाका! आम्ही आहोत!" रत्नदीप ओरडला.

"आयो! नाव घेऊन बोलवतंय!" काका पळत सुटले. भूत नावानं हाक मारतं आणि त्याला ओ द्यायची नसते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं!

दार हलेना. खिडकीला गज. आत उकडून जीव नकोसा झाला.

"काका आपल्यालापण जाळतील?" मोनिकाने विचारलं.

"छे गं," उत्कर्षा म्हणाली, पण तिलाही भयंकर भीती वाटत होती.

तेवढ्यात पेटीच्या फटीतून काहीतरी बाहेर आलं. उत्कर्षाने टॉर्च लावला. तळहाताएवढा पतंग! पोटावर पिवळे पट्टे, पाठीवर चक्क कवटी!

"हॉकमॉथ! कवटीवाला!" ती भीतीच विसरली. "हा मध चोरायला शिरतो. माश्या अंगावर आल्या की चिरचिरतो!"

"चोर मोकळा, आणि कोंडलोय आपण!" रत्नदीप वैतागला.

बाहेर डिझेलचा वास आला. "कैलासकाका, थांबा!" दोघं घसा फोडून ओरडली. हाका वाढल्या तशी काकांची रामनामाची पुटपुट वाढली. काडेपेटी खुळखुळली.

मोनिकाने भोकाड पसरलं. "मला शू लागलीये!"

बाहेरची पुटपुट थांबली.

"भुताला... शू?" काका म्हणाले. कडी निघाली.

आरडाओरडा ऐकून जाईबाई धावत आली. "भुतंबितं काय न्हाईत, किती येळा सांगितलं? पोरं जाळली असतीस की रं!"

"चुकलं, आजी," काका मान खाली घालून म्हणाले.

उत्कर्षाने आजीला टॉर्चच्या उजेडात पतंग दाखवला. आजीने पेटीच्या तोंडावर बारीक भोकांची पट्टी ठोकली. आता माशी जाईल, पतंग अडेल!

"शाबास रं पोरांनो! लई हुशार! आन् आमची मोनी कुटं हाय?"

मोनी केव्हाच झुडपामागे पळाली होती.