चौथी ओळ

शेंदूरजनाघाटच्या खुशालरावांच्या नर्सरीतला पेनड्राइव्ह दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला आणि आळ तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या माधवीवर आला. आठ दिवसांनी ती अमरावतीला रागिणीबाईंकडे आली. रागिणीबाई पूर्वी कॉम्प्युटर शिकवीत. आता खाजगी तपासाची कामे घेत.

पेनड्राइव्ह नखाएवढा. त्यात सोळा वर्षांच्या नोंदी होत्या: कोणते संत्र्याचे कलम कोणत्या जुन्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, घेऊन बांधले. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. माधवीचा भाऊ ललित दुसऱ्या नर्सरीत कामाला होता, म्हणून खुशालरावांनी तिला सगळ्या मजुरांदेखत चोर म्हटले आणि घरी पाठवले.

"काम गेलं तं गेलं, ताई," माधवी म्हणाली. "पण बाया मले पाहून बोलणं थांबवतात. ते सहन होत नाही."

रागिणीबाई निघाल्या. सोबत शेषराव होते, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मोजण्यात पक्के, तर्कात जरा सावकाश.

ललित वाटेतच भेटला. "आमच्या मालकाकडे नुसती लिंबाची रोपं हायेत," तो म्हणाला. "संत्र्याच्या नोंदी घेऊन काय लोणचं घालू?"

नर्सरीत खुशालरावांनी तक्रारींचा पाढाच वाचला. दसऱ्यापासून कॉम्प्युटरही रुसला होता. बिनवायरचा माउस बंद पडला, नवे सेल घातले तरी हलेना. शेवटी वायरचा आणला. शिवाय रोज सकाळी एक चौकट पासवर्ड मागे.

"तिनंच जाता जाता कुलूप घातलं. मी फुली मारतो अन् काम करतो."

त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी चहा देताना दसऱ्याच्या पूजेचे सांगितले. कलमाचे चाकू, कात्र्या, कॉम्प्युटरचे आणि ड्रॉवरमधले जे जे सुटे होते ते पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले. मग ज्याचे त्याला लावून दिले. निर्माल्य नेहमीप्रमाणे जुन्या संत्र्याच्या बुडाशी टाकले.

रागिणीबाईंनी कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली आणि एक आज्ञा टाइप केली. कॉम्प्युटरला काय काय जोडले आहे, ते सांगणारी. ओळी उमटल्या. यंत्राच्या स्वतःच्या ओळी सोडल्या, तर उरल्या चार.

शेषरावांनी बोट ठेवून ताळा केला. कीबोर्ड, वायरचा माउस, प्रिंटर आणि समोर खोचलेले, बिनवायरच्या माउसला कॉम्प्युटरशी जोडणारे काळे बटण. "चार ओळी, चार वस्तू. बरोबर हाय."

"ओळी मोजल्या, भाऊ. वाचल्या नाहीत," रागिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी माधवीला बोलावून घेतले.

सगळे जमल्यावर त्या चौथ्या ओळीकडे वळल्या.

"कॉम्प्युटर जोडलेल्या वस्तूचं नाव सांगतो. इथं लिहिलं आहे, फ्लॅश ड्राइव्ह, म्हणजे पेनड्राइव्ह. माउसच्या बटणाची ओळ कुठंच नाही. म्हणून तो माउस नवे सेल घालूनही मेलेला."

त्यांनी ते काळे बटण उपसले आणि आज्ञा पुन्हा दिली. चौथी ओळ गेली. बटण परत लावले. पासवर्डची चौकट हजर.

"कुलूप कॉम्प्युटरला नाही, पेनड्राइव्हला आहे. माधवीनं नोंदी राखायला लावलेलं. खुशालराव, हरवलेली वस्तू रोज सकाळी तुम्हाला हाक मारत होती. तुम्ही फुली मारत होता."

लीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "दोन्ही काळे, नखाएवढे. कुंकवात तं सारखेच दिसले. एक लावलं. दुसरं फुलांसंगं गेलं असन."

शेषराव जुन्या संत्र्याकडे गेले आणि वाळक्या झेंडूतून माउसचे खरे बटण घेऊन आले. त्यावर कुंकवाचा ठिपका अजून होता.

खुशालरावांनी तो ठिपका अंगठ्याने पुसला. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "टाक पासवर्ड, बाई."

माधवी बसली नाही. "माह्यावर आळ घेतला तो बायांसमोर, भाऊ. खोलीत नाही."

खुशालराव बाहेर गेले. रोपांच्या वाफ्यांत बाया पिशव्या भरत होत्या. खिडकीतून खुशालरावांचा आवाज ऐकू आला: चोरी झालीच नव्हती, वस्तू घरातच होती, माधवीला आपण उगाच बोललो. बायांचे हात थांबले. कोणीतरी माधवीला बाहेरून हाक मारली, चहाला ये म्हणून.

ते परत आले तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, बोटे कीबोर्डवर.

"तोंड तिकडं करा, भाऊ," ती म्हणाली.

खुशालरावांनी निमूट भिंतीकडे तोंड केले.