बुडबुडा मधोमध

दांड्याला पुन्हा पोट सुटलं होतं.

हर्षवर्धन साळोख्यांनी मायक्रोमीटर पुसून परत लावला. दोन्ही टोकांना जाडी बरोबर तीस मिलिमीटर, मधे मात्र तीन शतांशांनी जास्त. तीन शतांश म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. तुमच्याआमच्यासारख्यानं तेवढ्यासाठी जेवणाची वेळ टाळली नसती. पण साळोख्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जन्मभर नेमक्या मापाची हत्यारं घडवणारी टूलरूम सांभाळली होती, आणि एवढ्याशा चुकीपायी भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं.

"कितवा महिना म्हणायचा ह्याला?" अयान मुजावरनं दांड्याकडे बघत विचारलं.

मुजावर हा त्यांचा शाळासोबती. त्यानं जन्मभर पंपांचा धंदा केला आणि जन्मभर साळोख्यांची थट्टा केली. दोघंही आता वलयनगरात राहत होते. वलयनगर म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारं एक अवाढव्य चाक. ते स्वतःभोवतीही गरगरत असतं, त्यामुळे आतली माणसं बाहेरच्या धावेकडे, म्हणजे चाकाच्या कडेकडे, दाबली जातात आणि ती धावच त्यांची जमीन होते. या दाबाला तिथे चक्रभार म्हणत. तो पृथ्वीवरच्या वजनाच्या दोन तृतीयांश इतकाच ठेवलेला असल्यानं गुडघे कुरकुरणाऱ्या आणि हृदय दमलेल्या निवृत्त मंडळींची तिथे चांगली सोय झाली होती. काही वस्तू हवी असली की घडाईपेटीला सांगायचं, पेटी थरावर थर चढवून ती घडवून देई. तरी या दोन म्हाताऱ्यांनी छंदशाळेच्या एका कोपऱ्यात हातानं लेथ, म्हणजे धातूचा दांडा गरगर फिरवत तासायचं यंत्र, बांधायला घेतली होती. चंद्रावरच्या दगडाच्या भुकटीचे चार ओतीव ठोकळे एकापुढे एक मांडून त्यांचा बेड, म्हणजे लेथची बैठक, केला होता, वर पोलादी पट्ट्या, आणि फिरवायला एका मोडक्या सरकत्या दाराची मोटर. कुणी विचारलं तर मुजावर सांगे, "पेटीतनं आलेल्या वस्तूला शिव्या घालून काय मजा? शिव्या घालायला आपण केलेलंच पाहिजे."

खरं कारण वेगळं होतं. साळोखे घरात बसून कुढत होते, आणि मुजावरला ते बघवत नव्हतं.

साळोख्यांची बायको स्वराली गेले काही महिने 'विसावा' नावाच्या रुग्णकक्षात होती. तिला चक्रभ्रम झाल्याचं निदान होतं. सतत फिरत्या घरात राहून काही वृद्धांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते आणि त्यांना सरळ वस्तू वाकड्या दिसू लागतात, असा तो आजार. औषध एकच, पृथ्वीवर परत जाणं. पुढच्या यानानं तिला खाली पाठवायचं ठरलं होतं. साळोख्यांच्या हृदयाला मात्र उतरण्याचा धक्का झेपणार नव्हता. म्हणजे ती गेली की गेली. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेल्या माणसांनी पडद्यावर एकमेकांची तोंडं बघायची, एवढंच उरणार होतं.

आणि तिला डॉक्टरकडे नेलं होतं ते साळोख्यांनीच. स्वयंपाकघरात त्यांनी एक लांब फळी बसवली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, फळीला झोळ आहे." त्यांनी लेव्हल लावून दाखवली. लेव्हल म्हणजे काचेच्या नळीतला साधा बुडबुडा, तो मधोमध थांबला की काम चोख. बुडबुडा मधोमध होता, डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, मधेही. "बुडबुड्याला काय दिसतंय ते सांगू नका, मला दिसतंय," ती म्हणाली. स्वरालीनं इचलकरंजीच्या गिरणीत उभी हयात कापड तपासण्यात घालवली होती. ताग्यातला एक धागा तिरका गेला तरी तिचं बोट तिथं पडे. आठवडाभर प्रत्येक जेवणाला फळीचा विषय निघाला, आणि शेवटी साळोखे घाबरले.

आता त्यांच्याच लेथवर सरळ दांडा सरळ उतरेना. साळोख्यांना वेगळीच भीती वाटू लागली होती, की आजार दोघांनाही जडलाय.

"दांडा लांब आहे, मधे दबत असेल," ते म्हणाले. मग त्यांनी मधे आधार दिला. पोट तसंच राहिलं. तासायचं टूल बदललं, ठोकळे सोडवून पुन्हा मांडले, प्रत्येक ठोकळ्यावर लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आणला. पोट जागच्या जागी.

"माझा हात गेला रे," साळोखे म्हणाले.

"हात न्हाई, अक्कल गेली तुझी. ही लेथ वाटेत मांडलीस ती आधी हलीव. तिचं हँडल दर वेळी माझ्या कमरेत घुसतंय. उद्या कंबर गेली तर तू उचलून नेणार हाईस व्हय मला?"

म्हणून, आणि केवळ म्हणूनच, त्यांनी लेथ फिरवून आडवी लावली. आधी तिची लांबी धावेच्या, म्हणजे चाक फिरतं त्या, दिशेनं होती, आता चाकाच्या रुंदीच्या दिशेनं झाली. साळोख्यांनी पुन्हा प्रत्येक ठोकळा लेव्हलमध्ये आणला आणि मन लागत नसताना एक दांडा फिरवला.

दोन्ही टोकं तीस. मधेही तीस.

त्यांनी दुसरा दांडा फिरवला, मग तिसरा. एकालाही पोट नव्हतं. मुजावर म्हणाला, "बघ, माझी कंबर वाचली आणि तुझी लेथबी सुधारली." साळोख्यांना त्याचा आवाज ऐकूच आला नाही. ते उठले, भंगारातलं एक पोलादी कडं आणलं आणि टेबलावर उभं धरलं.

"या कड्यात मुंगी सोडली, आणि कडं असं फिरवत ठेवलं. मुंगीला खाली म्हणजे कुठं वाटेल?"

"बाहेरच्या बाजूला. आपल्यासारखंच."

"प्रत्येक ठिकाणी?"

"व्हय की. जिथं उभी, तिथं बाहेर ते खाली."

"मग मुंगीनं लेव्हल लावली, तर बुडबुडा कुठं थांबेल? कड्यावर कुठंही मधोमधच. म्हणजे कडं गोल असूनही लेव्हल म्हणणार, सगळं पातळीत आहे." साळोखे थांबले. "आपण जन्मभर पातळीत आणि सरळ हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले. खाली चालतं ते, पृथ्वी एवढी मोठी आहे की फरक कळत नाही. आपल्या चाकाची त्रिज्या एकशेऐंशी मीटर. इथं धावेच्या दिशेनं पातळीत बसवलेली वस्तू सरळ असूच शकत नाही. एक मीटरच्या बेडला मधे पाऊण मिलिमीटरच्या आसपास झोळ येतो. टूल तेवढं खाली उतरतं, त्यामुळे दांड्याच्या मध्यापासून काही शतांश लांब पडतं आणि दांड्याला पोट सुटतं. आडवी लावली की चाकाची गोलाई आडवी येतच नाही."

हे चाक गोल आहे हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असणं निराळं आणि हाताला ठाऊक असणं निराळं. हात कोल्हापुरातूनच शिकून आले होते.

"म्हणजे तुझी लेथ ब्येस होती, घरच वाकडं," मुजावर म्हणाला, आणि हसता हसता थांबला, कारण साळोखे हसत नव्हते.

"फळी धावेच्या दिशेनं आहे," साळोखे म्हणाले. "अडीच मीटरची. चार मिलिमीटर झोळ होता तिला. स्वरालीला तो दिसत होता, मुजावर. दिसत होता तिला."

डॉक्टर ऋजुता पोतनीस पुण्याहून वर येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी दोघांचं सगळं न अडवता ऐकून घेतलं आणि मग तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे 'सरळपट्टी' होती. तीन मीटर लांबीची, लवचिक धातूची पट्टी, खाली आधार, आणि बाजूला एक खुंटी. खुंटी पिळली की पट्टी वर किंवा खाली वाकते. रुग्णानं पट्टी सरळ दिसेपर्यंत खुंटी पिळायची. शून्यापासून जितकं दूर थांबाल, तितका आजार जास्त.

"शून्य कुणी ठरवलं?" साळोख्यांनी विचारलं.

"उपकरण पृथ्वीवरून आलं. सोबतच्या सूचनेत होतं की पट्टी सगळीकडे लेव्हल लावून बसवावी, तेच शून्य. तसंच बसवलंय." डॉक्टर बोलता बोलता पट्टीची दिशा बघू लागल्या. पट्टी धावेच्या दिशेनं होती.

त्यांनी कपाटातून टाके घालायचा दोरा काढला. एक टोक मुजावरच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोरा पट्टीवर ताणला. टोकांना दोरा पट्टीला टेकला. मधे साळोख्यांनी आपली करंगळी घातली. तिचं टोक सहज आत गेलं.

डॉक्टरांनी दोरा गुंडाळला. "एक गोष्ट मला खटकत होती," त्या म्हणाल्या. "चक्रभ्रम झालेलं माणूस दर वेळी वेगळं चुकतं. काकू दर वेळी सहा मिलिमीटरच चुकायच्या, ना कमी ना जास्त. मी त्याचा अर्थ लावला, की भ्रम पक्का झालाय. तो पक्का नव्हता, अचूक होता."

"म्हणजे जे नापास झाले ते बरोबर?" मुजावरनं विचारलं.

"जे दर वेळी तेवढेच चुकले, ते."

"आणि जे पास झाले?"

"त्यांना सहा मिलिमीटरचा झोळ दिसला नाही. एक तर डोळे अधू, नाहीतर आजार खरा."

मुजावरनं घसा खाकरला. त्याला पैकीच्या पैकी गुण होते आणि ते त्यानं सगळ्या वस्तीत मिरवले होते. "म्या खुंटीला हातच लावला न्हवता," तो म्हणाला. "आधीच सरळ दिसली, म्हटलं कशाला पिळायची." डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला बोलावलं. त्यानं चष्म्याच्या काचा पुसायला घेतल्या.

पट्टी आडवी लावून, दोरा ताणून तिचं नवं शून्य ठरवलं गेलं. "पण काकूंना यातलं अक्षर सांगायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "पट्टीबद्दल कुणी काही बोललं, तर ही चाचणी राहणार नाही. यानाचा निर्णय माझ्या एकटीच्या हातात नाही, मला वरिष्ठांना आकडा दाखवावा लागेल."

स्वराली आली. साळोख्यांनी तिला नीट बघितलं. चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण आता खुर्चीवर बसायलाही परवानगी मागत होती. डॉक्टरांनी पट्टी मुद्दाम भलतीच वाकवून ठेवली होती. "काकू, सरळ करा."

तिनं खुंटी पिळली. पट्टी हळूहळू सरळ होत आली, अगदी सरळ झाली, आणि स्वरालीचा हात थांबला नाही. पट्टी मधे खाली उतरली. तिथे ती थांबली. "आता सरळ आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पट्टीला उघड उघड झोळ होता. म्हणजे आजार खराच होता का? मुजावर साळोख्यांकडे बघत राहिला. साळोखे मात्र झोळाकडे बघत होते. करंगळीच्या टोकाएवढा. ओळखीचा.

ते डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाले, "प्रत्येक चाचणीनंतर तुम्ही तिला काय दाखवायचात?"

"सरळ कसं असतं ते. खुंटी शून्यावर आणून..." डॉक्टर वाक्याच्या मधेच थांबल्या.

"पट्टीबद्दल बोलणार नाही. पण तिच्याशी बोलू?"

डॉक्टरांनी मानेनंच हो म्हटलं.

साळोखे बायकोसमोर खाली बसले, गुडघे कुरकुरले तरी. "स्वराली, घरातली फळी वाकडी होती. तू म्हणत होतीस ते खरं होतं. मी बुडबुड्याचं ऐकलं, तुझं नाही. चूक माझी झाली. मला फार वाईट वाटतंय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले, आणि मग, पन्नास वर्षांत साळोख्यांना पाठ झालेला तो राग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू परत येऊन बसला. त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता.

"सरका बाजूला," ती म्हणाली. "उजेड अडवताय."

तिनं एक डोळा मिटला, पट्टीच्या कडेनं नजर लावली आणि खुंटी उलटी पिळली. थोडी, आणखी थोडी, मग केसाएवढी मागे. डॉक्टरांनी वाकून आकडा वाचला. शून्य.

"आता सरळ आहे," स्वराली म्हणाली. "आणि मघाशी मी खोटं बोलले होते, तुम्ही दाखवायचात तसाच झोळ ठेवला. मला यांच्याजवळ राहायचं होतं म्हणून. तेही लिहून घ्या."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.